मोहोरबंद पेटीचा विश्वास

गुप्तलेखनाचें यंत्र स्वदेशी असलें म्हणजे भय संपलें, असें प्रतिपादणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. स्वित्झर्लंडमधील क्रिप्टो एजी ही कंपनी १९७० सालीं अमेरिका व पश्चिम जर्मनी यांच्या हेरखात्यांनीं गुपचूप विकत घेतली आणि बुद्ध्याच कच्चीं ठेवलेलीं यंत्रें जगभर खपविलीं. भारत व पाकिस्तान, दोघेही तिचीं गिऱ्हाइकें! हें बिंग २०२० सालीं फुटलें. तेथें दोष केवळ परकेपणाचा नव्हता. पेटींतील रचना चारचौघांत तपासण्याची सोयच नव्हती. केर्कहॉफ्स या पंडितानें १८८३ सालींच बजाविलें होतें कीं, यंत्र शत्रूच्या हातीं पडलें तरी कांहीं बिघडूं नये. गुप्त ठेवावयाची ती किल्लीच. मग आपली रचना तज्ज्ञांपुढें न मांडणाऱ्या देशी कारखानदारावर तरी आम्हीं विश्वास कां ठेवावा? तो आमच्या गांवचा म्हणून?