काठी टनावर विकू नका

मागच्या महिन्यात एका तरुण मित्राचा फोन आला. "भाई, फ्लाय फिशिंगची काठी स्वतः बांधायचीय. कोणता ब्लँक मागवू?" मी विचारलं, "गळ कुठं टाकणार? कोणत्या माशासाठी?" तो म्हणाला, "ते नंतर बघू. आधी सगळ्यात भारी ब्लँक सांगा."

माझं भांडण इथूनच सुरू होतं. आणि ते त्या पोराशी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लँक म्हणजे कोरी काठी. मूठ, रीळ बसवायची जागा, दोरी ओवायच्या कड्या, हे सगळं नंतर आपण बसवतो. आजचा ब्लँक बहुतेक कार्बनचा असतो. निमुळत्या पोलादी सळईवर राळ लावलेलं कार्बनचं कापड गुंडाळतात, भट्टीत भाजतात, मग सळई ओढून काढतात. उरते ती पोकळ, हलकी, लवचीक नळी.

फ्लाय फिशिंगमध्ये गरीला पिसाची खोटी माशी बांधलेली असते. तिला वजन नसतं, म्हणून वजन दोरीला द्यावं लागतं. त्या वजनावरून दोरीला नंबर असतो आणि त्याच नंबरची काठी लागते. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात, आठ नंबरचे साडेतेरा. आठ नंबरच्या काठीवर पाच नंबरची दोरी चढवली तर काठी नीट वाकतच नाही, आणि न वाकणारी काठी माशी फेकत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. एका दुकानदाराने "मजबूत घ्या, परत घ्यावा लागणार नाही" म्हणून आठ नंबरचा ताठ ब्लँक गळ्यात मारला. शेवाळात दडलेल्या मरळीला खेचून काढायला तो ठीक होता. मी मात्र चिलापीसाठी काठी बांधत होतो. तळहाताएवढा मासा लागला तर हाताला कळायचंही नाही. म्हणजे आधी पाणी, मग मासा, मग दोरी आणि शेवटी काठी. आपण शेवटाकडून सुरुवात करतो आणि किमतीला गुणवत्ता समजतो.

आता मुद्द्यावर येतो. हा ब्लँक आपण बाहेरून मागवतो. पण या ब्लँकचा आजा कोण?

१८४०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. बांबू चिरून, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या तासून, त्या एकमेकींना चिकटवून काठी बनवणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचं नाव घेतात. त्याच्यासारख्यांनी वापरलेला बांबू हिंदुस्थानातून जात होता. कलकत्त्याच्या बंदरातून गेला म्हणून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. जाणकारांच्या मते तो आपला मानवेल. ब्रिटिशांच्या घोडदळाच्या भाल्यांचे दांडे याच जातीचे. पुढे दक्षिण चीनचा टोंकिन बांबू अधिक सरळ म्हणून त्याने मानवेलाला मागे टाकलं. १९५०मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि फायबरग्लासचं फावलं. १९७०च्या दशकात कार्बन आला. या साखळीची पहिली कडी आपल्या डोंगरात उगवते आणि आपण तिची फक्त लाठी करतो.

नावाचं म्हणाल, तर बांबू उगवला कुठंही, नाव लागलं बंदराचं. उस्मानाबाद की धाराशिव यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, २०२३मध्ये कागदावरचं नावही बदललं. आपल्या मातीतून निघणाऱ्या वस्तूवर नाव कुणाचं लागतं आणि पैसा कुणाला मिळतो, यावर तेवढ्या जोराने भांडलेलं मी तरी पाहिलं नाही.

मानवेलाची एक गोष्ट आमच्या जिल्ह्याने ध्यानात ठेवावी. भरपूर पावसाच्या जागी तो पोकळ वाढतो. कोरड्या, मुरमाड जमिनीत त्याची भिंत जाड होते, कधी पूर्ण भरीव होते. ज्या दुष्काळावरून आम्हाला हिणवलं जातं, तोच या काठीत ताकद भरतो.

पण उगवला म्हणजे काठी झाली असं नाही. एक-दोन वर्षांचा कोवळा बांबू वाळताना सुरकुततो. तीन-चार वर्षांचा हवा. पावसाळा सरल्यावर तोडावा, तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. सावलीत, सरळ बांधून वाळवावा. पेरं लांब, गाठी कमी उठलेल्या, साल न खरवडलेली हवी, कारण ताकदीचे धागे सालीलगत दाट असतात. टोक धरून वाकवा, सोडा आणि पाहा, सरळ होतो का. बुरूड मावशी हे बोटांनी करते. तिला कुणी कार्यशाळेला बोलावत नाही.

आमच्या भागात सध्या बांबू लावण्याची मोहीम जोरात आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लोदग्याचे पाशा पटेल गावोगाव फिरून बांबू सांगतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं दुखणं मांडणारा हा मुसलमान माणूस, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. कोळशाऐवजी बांबू जाळा, हे त्यांचं म्हणणं पर्यावरणाच्या अंगाने चुकीचं नाही. ते फर्निचरचीही गोष्ट करतात. पण सभेतून घरी जाताना शेतकऱ्याच्या कानात एकच शब्द उरतो: टन. एकरी किती टन? टनाला काय भाव?

हे वाक्य आम्ही आधी ऐकलंय. उसाच्या वेळी. टनावर विकणाऱ्याला भाव सांगायचा अधिकार नसतो, तो काट्यासमोर उभा राहतो. बॉयलरला सरळ काठी आणि वाकडी काठी सारखीच. जो माल जळणारच आहे, त्याची निवड कोण करेल? आणि निवड संपली की निवडणारा हातही संपतो.

कुणी म्हणेल, गळाच्या काठ्या घेणार किती जण? मूठभर. मान्य. कार्बन बांबूपेक्षा हलका, हेही मान्य. दिवसभर फेकायचं तर मीही कार्बनच उचलतो. पण गळाची काठी ही बांबूची सगळ्यात अवघड परीक्षा आहे. त्या परीक्षेला बसेल असा बांबू निवडायला शिकलो, तर त्याच ढिगातून कुदळीचा दांडा, शिडी, खुर्ची, तंबूची काठी वेगवेगळ्या भावाने निघेल. उरलेला वाकडा-तिकडा खुशाल जाळा.

१९२७च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. जंगलाबाहेर शेतात वाढलेल्या बांबूची त्यातून सुटका व्हायला २०१७ उजाडलं. कायद्याने हात मोकळे केले, तर आपण ते थेट काट्यावर ठेवायचे का?

माझं मागणं साधं आहे. बांबू लावताना कोणत्या कामासाठी कोणती जात, हे आधी सांगा. प्रत्येक काठीवर ती कोणत्या वर्षी उगवली याची खूण करा. खरेदीच्या जागी काठ्या निवडून, प्रतवारी करून, नगावर भाव द्या. आणि ही निवड शिकवायला बुरूड बोलवा, आमच्या मोहल्ल्यातले सुतार आणि वेल्डर बोलवा. हलाल रोजीच्या तकरीरी आम्ही दर जुम्म्याला ऐकतो. हाताच्या हुनराला भाव मिळाल्याशिवाय ती रोजी येणार कुठून?

त्या पोराला मी शेवटी सांगितलं, माकणीच्या धरणावर जा. पाण्याचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिला विचार, मासे काय आहेत ते बघ. मग पाच नंबरचा मध्यम लवचीक ब्लँक घे. आणि येताना बाजारातून एक मानवेल आण, तीन वर्षांचा, वाळलेला. पहिली काठी त्याची बांध.

तो म्हणाला, "भाई, बांबू तर किलोवर मिळतो."

तेच तर भांडण आहे.