डोक्याला दुसरा मार

ऑक्टोबर २०२५मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात कोसळली आणि अनेकांचे जीव गेले. अशा अपघातांनंतर कठड्यांवर आणि गाडीत कोंबलेल्या माणसांवर चर्चा होते. व्हायलाच हवी. पण डोक्याला मार लागूनही जे जिवंत हाती लागतात, त्यांच्या मेंदूत पुढे काय घडते, हा प्रश्न नंदुरबारसाठी तितकाच मोठा आहे.

मार क्षणात लागतो, सूज तासागणिक वाढते. इजा झालेल्या पेशीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, संपू लागली की सोडियम बाहेर टाकणारे पंप मंदावतात. पेशींबाहेर साचलेले ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सोडियमला आत शिरायला आणखी वाटा उघडून देते. सोडियममागोमाग पाणी जाते. मेंदूतल्या तारकापेशींवरचे ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन त्याला वाट देते. पुढे एमएमपी-९सारखी विकरे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे सांधे सैल करतात आणि रक्तातला द्रव मेंदूत पाझरतो. कवटी मात्र ताणत नाही. आतला दाब वाढला की रक्त कमी पोहोचते, आणखी पेशी उपाशी पडतात आणि सूज पुन्हा वाढते. हे चक्र काही दिवस चालू शकते.

रेणू ओळखता आले, तरी त्यांना रोखणारे खात्रीचे औषध अजून हाती नाही. उलट, स्टेरॉइडने सूज उतरेल हा समज महागात पडला. दहा हजारांहून अधिक जखमींवरच्या ‘क्रॅश’ चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांचे मृत्यू वाढलेले दिसले. गावाकडे आग्रहाने लावली जाणारी ग्लुकोजची बाटलीही इथे घातक ठरू शकते. ग्लुकोज शरीर वापरून टाकते. उरते ते पाणी आणि ते सुजत्या मेंदूत शिरते.

म्हणून पहिल्या तासांतली साधी कामे निर्णायक ठरतात: श्वास मोकळा ठेवणे, ऑक्सिजन देणे, रक्तदाब पडू न देणे, सीटी स्कॅन करणे, गरजेप्रमाणे मॅनिटॉल देणे किंवा शस्त्रक्रिया करणे. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवरून रुग्णाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे हे तास वाटेतच सरतात. जिल्ह्याला २०२०मध्ये वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. त्याचा उपयोग धडगाव-मोलगीच्या जखमीला वेळेत व्हायला हवा. त्यासाठी कुठल्या रुग्णाला थेट कुठे न्यायचे आणि वाटेत काय करायचे, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आधीच लिहून ठरलेले असावे.

वाचकांनीही एवढे ध्यानात ठेवावे. डोक्याला मार लागलेला माणूस बोलतो आहे म्हणजे तो वाचला, असे नाही. ‘प्यायला आहे, झोपू द्या’ असे म्हणून त्याला सोडू नका. वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटका किंवा एका हातापायातली कमजोरी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.