लशीबरोबर मिशीही!

रात्री झोपताना चष्मा जिथं काढून ठेवला, सकाळी तो तिथंच सापडावा, एवढीच माझी या संसाराकडून माफक अपेक्षा आहे. ती पूर्ण होत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या घरात चष्म्याला पाय फुटतात, किल्ल्यांना पंख फुटतात आणि नेलकटर तर संन्यास घेऊन हिमालयातच जातं. या सगळ्या पळापळीत एकच वस्तू माझ्याशी इमान राखून होती, ती म्हणजे आमच्या संगणकावरचा ब्राउझर. मागं जायचा बाण डावीकडं, बंद करायची फुली उजवीकडं, मधोमध पत्त्याची पट्टी आणि तिच्याखाली माझी स्वतःची बुकमार्कांची ओळ. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, चिरंजीवांची फी, सगळं मी तिथं फडताळातल्या डब्यांसारखं मांडून ठेवलेलं. डोळे मिटून बोट दाबलं तरी विजेचं बिलच उघडायचं.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो, पडदा उघडला आणि क्षणभर वाटलं, आपण शेजाऱ्यांच्या घरात शिरलो. चोरी झाली नव्हती. चोर बिचारे सामान घेऊन निदान निघून तरी जातात. इथं सामान घरातच होतं, पण कशाचीच जागा कशाला नव्हती. पत्त्याच्या पट्टीचे कोपरे कोणीतरी कानशीनं घासून गोल केले होते. माझी डब्यांची ओळ गायब. आणि मधोमध एक रंगीत पान झळकत होतं : 'स्वागत! आपला ब्राउझर आता अधिक वेगवान आणि अधिक सुंदर झाला आहे!' खाली दोन बटणं. एकावर 'वा, छान' आणि दुसऱ्यावर 'नंतर सांगू'. 'अजिबात नको' असं बटणच नव्हतं. संकोचानं 'वा, छान' दाबलं, तर वरचे सगळे टॅब उठून डाव्या भिंतीला रेशनच्या दुकानासमोरच्या रांगेसारखे उभे राहिले.

कोपऱ्यात एक चांदणी लुकलुकत होती. तिला धक्का लागला तशी एक फळी उघडून ती विचारू लागली, "मी आपली काय मदत करू?" मी लिहिलं, "बाई, माझं विजेचं बिल कुठं ठेवलंस तेवढं सांग." तिनं मला वीज वाचवण्याचे दहा उपाय सांगितले.

त्या दिवशी बिलाची शेवटची तारीख होती. शेवटची तारीख असल्याशिवाय अपडेट येतच नाही, असा माझा अनुभव आहे.

शेवटी चिरंजीवांना उठवलं. ते डोळेही न उघडता म्हणाले, "बाबा, कॅश क्लिअर करा." मी बँकेत कारकून. वीस वर्षं रोज संध्याकाळी दुसरं करतो काय? पण ही कॅश वेगळी. पाहिलेल्या पानांचे तुकडे ब्राउझर पुन्हा लागतील म्हणून साठवून ठेवतो, त्याला तसं म्हणतात. जुना तुकडा नव्या पानाला जुळला नाही की गोंधळ होतो. मी कॅश साफ केली. शेजारच्या चौकटीत 'कुकीज' अशी खूण होती, तीही जाऊ दिली. त्याबरोबर एकूण एक संकेतस्थळ मला विसरलं. ज्याच्या त्याच्या दारात 'आपण कोण?' हा प्रश्न. पासवर्ड लिहिलेली वही शोधायला चष्मा लागतो, आणि चष्म्याचं मी आधीच सांगितलंय.

दुसरा उपाय, खासगी खिडकीत उघडून बघायचं. तिथं पान झटकन उघडलं! म्हणजे तोंड लपवून गेलं तर दार उघडतं आणि राजरोस गेलं तर उघडत नाही. चिरंजीव आता उठून बसले होते. त्यांनी निदान सांगितलं, "एखादं एक्स्टेन्शन बिघडलंय. खासगी खिडकीत ती बहुधा बंद असतात, म्हणून तिथं चालतं. एकेक बंद करून बघा." ही एक्स्टेन्शनं म्हणजे ब्राउझरचे पोटभाडेकरू. माझ्याकडं नऊ निघाले. त्यांतले सहा कोणी आणून ठेवले, देव जाणे. एकेकाला बाहेर काढत गेलो, तेव्हा सातवा गुन्हेगार निघाला. खरेदीवर सवलती शोधून देणारा! "तो माझा आहे," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "अहो, त्यानं गेल्या दिवाळीत माझे चाळीस रुपये वाचवलेत."

राहता राहिली माझी ओळ. कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही तीन बटणं एकदम दाबली आणि ती जशीच्या तशी परत आली. म्हणजे ती गेलीच नव्हती, तिला नुसतं पडद्याआड बसवलं होतं. सकाळच्या चहाला उघडलेलं बिल जेवणाच्या पानावरून उठून भरलं.

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास होतो तर अपडेट बंद का करत नाही? थांबा. माझं भांडण अपडेटशी नाहीच. ब्राउझर हा घराचा दरवाजा आहे. जगातल्या अनोळखी लोकांचा माल त्यातूनच आत येतो. त्या दाराला भोकं सापडत राहतात, आणि एखादं बुजवल्याची बातमी फुटली की ते कुठं होतं हे चोरांनाही कळतं. म्हणून बुजवलेलं दार ताबडतोब बसवून घ्यावं, यात वाद नाही. जुनाट गोष्टी हद्दपार होतात त्याचंही मला दुःख नाही. फ्लॅश २०२० च्या अखेरीला संपलं. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झालं, तेव्हा कित्येक कचेऱ्यांना सुतक आलं. पण ते जायलाच हवं होतं.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. दुरुस्ती आणि नटणंमुरडणं एकाच पाकिटात घालून का पाठवता? दवाखान्यात लस टोचून घ्यायला जावं आणि डॉक्टरांनी दंडात सुई टोचता टोचता आपली मिशीही उतरवून टाकावी, तसा हा प्रकार आहे. विचारलं तर म्हणायचं, "नव्या आवृत्तीत असंच आहे." मग पुढच्या वेळी माणूस लस घ्यायला जाईल का?

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा गेले नाहीत. अण्णा निवृत्त हेडमास्तर. दोनदा त्यांचा पडदा असाच इकडचा तिकडं झाला, तेव्हापासून त्यांनी वर्षभर प्रत्येक सूचनेला 'नंतर' म्हणून टोलवलं. एके दिवशी भजनं ऐकता ऐकता भलं मोठं पान समोर आलं : 'आपला ब्राउझर जुना झाला आहे. ताबडतोब अपडेट करा.' अण्णांना अपराधी वाटलं. इतके दिवस आपण चालढकल केली, आता शहाण्यासारखं वागू या, म्हणून त्यांनी ते उतरवून घेतलं. ते अपडेट नव्हतंच, चोराची शिडी होती. संशय येऊन त्यांनी रात्री दार ठोठावलं, म्हणून आम्ही वेळेवर खातं बंद करवलं आणि पैसे वाचले. संगणक चार दिवस दुरुस्तीला गेला. अण्णा मात्र दुरुस्त झाले नाहीत. ते आता गुडघा धरत बसनं शाखेत येतात आणि पासबुक भरून घेऊन जातात. मला म्हणाले, "अरे, खरं अपडेट न विचारता येतं आणि खोटं विचारून येतं. मग मी सभ्य कोणाला समजायचं?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. ते अण्णांना फसवणाऱ्या चोराकडं मागण्यात अर्थ नाही, म्हणून मी ब्राउझर बनवणाऱ्यांकडं मागतो. ज्या घरात दर महिन्याला भिंती हलतात, तिथं परका माणूस शिरलेला ओळखायचा कसा?

आणि दर महिना म्हणतोय ती अतिशयोक्ती नव्हे. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ ची आणि चौथी मार्च २०११ ची. पुढं वेग असा वाढला, की मे २०२२ मध्ये शंभरावी आली. २०२० पासून फायरफॉक्सनं आणि २०२१ पासून क्रोमनं चार आठवड्यांचा वायदा धरला. त्या शंभराचीही एक गंमतच. काही संकेतस्थळं आवृत्तीचे दोनच आकडे वाचतील आणि शंभरला दहा समजतील अशी धास्ती होती, म्हणून आधी चाचण्या घ्याव्या लागल्या. रकान्यात आकडा न मावण्याचं दुःख कारकुनाला विचारा.

कुलपाचंच घ्या. पत्त्याच्या शेजारी छोटं कुलूप दिसलं की जागा सुरक्षित, असं बँकांनी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं घोकून दिलं. मीही काउंटरवरून शंभरदा सांगितलं असेल. वास्तविक त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेत कोणी तुमचं बोलणं चोरून ऐकत नाही. पलीकडं बसलेलाच लुच्चा असेल तर कुलूप काय करणार? गूगलनं २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत जेमतेम ११ टक्के लोकांना त्याचा नेमका अर्थ ठाऊक होता. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या ११७ व्या आवृत्तीत कुलूप काढून दुसरी खूण बसवली. निर्णय रास्त होता, हे मी मान्य करतो. पण उरलेल्या ८९ टक्क्यांना कुलूप गेल्याचं कारण घरी येऊन कोणी सांगितलं? ते काम आलं काउंटरवर.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इकडं जमा तर कुठंतरी नावे, एवढं एकच तत्त्वज्ञान मला येतं. कंपनीच्या वहीत 'नवीन सोयी' जमा होतात. माझे रविवारचे तीन तास, अण्णांचे चार दिवस आणि त्यांचा गेलेला धीर हे कोणाच्या नावे? आम्ही पैसे भरणा करण्याच्या स्लिपेवरचा एक रकाना हलवायचा म्हटलं तर आधी परिपत्रक निघतं, जुन्या स्लिपा संपेपर्यंत चालवून घेतल्या जातात आणि तरीही गिऱ्हाईक आमचा उद्धार करून जातं. योग्यच करतं.

बरं, हे वेगळं करताच येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. मोझिला २०१२ पासून फायरफॉक्सची एक सावकाश शाखा चालवते. तिच्यात दुरुस्त्या वेळच्या वेळी येतात आणि नवा चेहरामोहरा साधारण वर्षातून एकदा. ही सोय मुख्यतः कोणासाठी? शाळा, विद्यापीठं आणि कचेऱ्यांसाठी! क्रोमनंही २०२१ मध्ये कंपन्यांसाठी आठ आठवड्यांचा फेरा ठेवला. म्हणजे पगारी संगणक-तज्ज्ञ ज्यांच्या दिमतीला आहेत त्यांना स्थैर्य, आणि ज्या अण्णांच्या दिमतीला फक्त मी आहे त्यांच्यावर दरमहा नवे प्रयोग.

माझी मागणी लांबलचक नाही. लस गुपचूप टोचा, रोज टोचा, विचारूही नका. मिशीला हात लावायचा असेल तेव्हा मात्र विचारा, आणि 'अजिबात नको' असं एक बटण ठेवा. ते तीन बटणं एकदम दाबून सापडणारं नको. अण्णांना चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठं हवं.

हे लिहीत असतानाच कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उगवला आहे : 'अपडेट तयार आहे.' म्हणजे चार आठवडे झाले. मी ते घेणार. लस ही घ्यायलाच हवी. फक्त बटण एका हातानं दाबीन म्हणतो. दुसरा मिशीवर ठेवून.