टिकाऊ माल, तकलादू रोजगार!

देशाच्या अर्थव्यवस्थेची नाडी पाहणारे वैद्य टिकाऊ वस्तूंवर बोट ठेवतात. अमेरिकेत तीन वर्षे वा त्याहून अधिक टिकणाऱ्या मालाच्या ऑर्डरींचे आकडे सरकार दरमहा जाहीर करते. आपल्याकडे औद्योगिक उत्पादनाच्या निर्देशांकात टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तूंचा वेगळा रकाना असतो. रिझर्व्ह बँक २००८ पासून दर तिमाहीला कारखान्यांच्या हातातील ऑर्डरींची पाहणी करते.

या मोजणीत तथ्य आहे. तांदूळ-मीठ कुणालाच टाळता येत नाही. फ्रिज, मोटारसायकल पुढे ढकलता येते. पुढच्या वर्षीही पगार येईल हा भरवसा असेल, तरच माणूस हप्ता डोक्यावर घेतो. म्हणजे टिकाऊ वस्तूंची मागणी ही भरवशाचीच मोजणी. आमचा प्रश्न एवढाच, की भरवसा कुणाचा?

खालापूर तालुक्याकडे पाहा. खोपोलीत मोटारींच्या भागांसाठी विशेष पोलाद बनते, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे बनतात. खोपोलीची उत्तम गॅल्व्हा २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२२ मध्ये आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टीलकडे आली. अशा प्रक्रियेत बँकांच्या थकबाकीची मोजदाद रुपयापैशात होते. ठेकेदाराच्या कामगाराची मोजदाद कोण करतो? ऑर्डर आली की त्याला जादा पाळी, ऑर्डर आटली की 'उद्यापासून येऊ नको'! मंदीचा आकडा दिल्लीत छापून येण्याआधी ती त्याच्या चुलीपर्यंत पोचलेली असते.

आता कर्जतच्या कातकरी वाड्यांकडे या. इथे ऑर्डर मालाची नव्हे, माणसांची नोंदवली जाते. तिचे नाव 'उचल'. पावसाळ्यात घर रिकामे असताना पैसे घ्यायचे आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्टीवर जाऊन ते फेडायचे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. विटेइतकी टिकाऊ वस्तू दुसरी कोणती? पण ती थापणाऱ्याचे घर कुडाचे, आणि त्याच्या पोराची शाळा भट्टीच्या धुरात सुटलेली.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच शेतीच्या तुकड्यांवरील निबंधात औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला होता. जमिनीवर पडलेला माणसांचा भार कारखान्यांनी उचलावा, हा त्याचा अर्थ. कारखाना दारात आला. भूमिहीनाला मात्र त्याने कायमचे काम दिले नाही, रोजंदारी दिली. मग भार उतरला कुठे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. ऑर्डरींच्या आकड्याशेजारी कायम किती, ठेक्यावर किती, हा आकडाही जिल्हावार छापा. खोपोली-कर्जतच्या कार्यकर्त्यांनी त्याची वाट पाहू नये. आपल्या वस्तीत किती जण कायम आहेत आणि किती घरांनी उचल घेतली आहे, याची यादी स्वतः करावी आणि तहसीलदारांच्या टेबलावर ठेवावी.

फ्रिज दहा वर्षे टिकतो. तो बनवणाऱ्याची नोकरी दहा महिनेही टिकत नसेल, तर देशाची तब्येत ठणठणीत आहे असे आम्ही मानणार नाही!