कॉम्प्युटरातला मुकादम

हॉटेलवाले सांगतात, आता ड्यूटी माणूस लावत नाही, कॉम्प्युटर लावतो. वशिला नाही, चहापाणी नाही, जातपात नाही. सगळं कसं शास्त्रीय! आपल्यातली शिकलेली पोरंही हे ऐकून माना डोलावतात. दोस्तहो, मी मॅट्रिक पास, गोदीतला हमाल, रात्री कविता लिहिणारा. कॉम्प्युटर मी शिकलो नाही. पण मुकादम कुठंही लपला तरी मला ओळखू येतो. या यंत्रातही एक बसलाय. त्याचं नाव सेटिंग.

ही सेटिंगं भरणारा एक दोस्त आहे, त्याच्याकडून सगळं खोदून खोदून समजून घेतलं. सॉफ्टवेअर बसवताना आधी हॉटेलची कुंडली भरायची. खोल्या किती, खाती किती, पगाराचा आठवडा कुठल्या वारी सुरू, पाळी कमीत कमी किती तासांची, ओव्हरटाइम कुठून धरायचा. मग येतो खरा रकाना : एक खोली साफ करायला मिनिटं किती? गिऱ्हाईक सोडून गेलेल्या खोलीला जास्त, राहत्या खोलीला कमी. पुढं बुकिंग आणि मागचे आकडे बघून यंत्र अंदाज बांधतं, उद्या किती खोल्या भरणार. खोल्या गुणिले मिनिटं, मिनिटांचे तास, तासांची माणसं. झाली यादी!

हिशेब करून बघा. २०० खोल्यांचं हॉटेल धरा, पैकी १६० भरल्या. खोलीला सरासरी ३० मिनिटं. म्हणजे ८० तास, आठ तासांच्या दहा बाया, एकीच्या वाट्याला १६ खोल्या. आता ऑफिसातल्या कुण्या टायवाल्यानं ३० पुसून २७ केलं. झाले ७२ तास, नऊ बाया. एक घरी बसली, बाकीच्यांच्या वाट्याला जवळजवळ १८ खोल्या. २४ केलं की आठ बाया आणि वीस-वीस खोल्या. कुणाला नोटीस नाही, कुणाशी तंटा नाही. नुसता आकडा बदलला. संप करायचा तर कुणाविरुद्ध? आकड्याविरुद्ध?

आणि त्या २७ मिनिटांत काय काय धरलेलं नाही? लिफ्टची वाट बघणं नाही. दारू पिऊन ओकलेलं बाथरूम नाही. पाळी आलेली बाई नाही, तिची कंबर नाही. यंत्रात जातीचा रकाना नाही म्हणता? खरं आहे, गरजच नाही. काउंटरवर हसायला कोण आणि संडास घासायला कोण, ही वाटणी यंत्र यायच्या आधीच झालीय. ते हात कुठल्या वस्तीतून येतात, हे मी तुम्हाला काय सांगू?

गोदीनं हे सगळं आधीच भोगलंय. बोट लागली की गेटवर माणसांचा बाजार. मुकादम दाखवील तो आत, बाकीचे उपाशी परत. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला. त्यातून नावं नोंदली गेली, काम पाळीनं मिळू लागलं, हजर राहूनही काम नसेल तर हजेरीचे पैसे मिळू लागले. मग १९९७ च्या कायद्यानं मोठ्या बंदरांतून ते छप्पर काढायची वाट मोकळी केली. आज मी कंत्राटदाराच्या फोनवर जगतो. आमच्या वस्तीतली एक पोरगी तारांकित हॉटेलात कंत्राटावर आहे. तिलाही रात्री मेसेज येतो : उद्या नको. यंत्राचा अंदाज चुकला तर तोटा मालकानं सोसायचा की तिनं? सोसते ती.

यावर इलाज नाही असं कुणी सांगू नये. शिकागोत २०२० पासून कायदा आहे, मोठ्या हॉटेलांनाही लागू. २०२२ पासून पाळ्या १४ दिवस आधी सांगाव्या लागतात, मग बदलल्या तर जादा पैसे. लॉस एंजेलिसनं २०२२ साली मर्यादा घातली : ६० किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलात आठ तासांत ३,५०० चौरस फुटांवर साफसफाई करून घेतली, तर त्या दिवसाची मजुरी दुप्पट. तिथं मालक काही संत नाहीत. कामगार रस्त्यावर आले म्हणून हे झालं.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या बिलानं १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तास कायद्यात गेले. मिनिट मात्र मालकाच्या रकान्यातच राहिलं. आता लढाई त्या मिनिटाची आहे.

यंत्र फोडा असं मी म्हणत नाही. यंत्र उघडा म्हणतो. खोलीला किती मिनिटं धरली ते नोटीस बोर्डावर लावा. बदलायची असतील तर कामगारांच्या सहीशिवाय बदलू नका. ड्यूटी १४ दिवस आधी सांगा, सांगून रद्द केली तर पैसे द्या.

आणि शेवटचं आपल्याच पोरांना. शिकून तुमच्यापैकी काही जण आता त्या खुर्चीवर बसताहेत, रकाने भरताहेत. साहेब म्हणेल, ३० चे २७ कर. तेव्हा तुमच्या बोटाखाली एक बाई आहे, हे ध्यानात ठेवा. नोकरी जाईल म्हणून आकडा टाकावा लागला तर टाका. पण संध्याकाळी वस्तीत या आणि तो आकडा मोठ्यानं सांगा.