आईचे नाव सातबाऱ्यावर हवे

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथे करार झाला, आणि तो कोणी केला याची नोंद आहे. याच तालुक्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी जानोरकर जन्मले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. त्यांच्या आईचे, सखुबाईंचे, नाव मात्र चरित्राच्या सुरुवातीच्या पानांत येते आणि लवकरच मागे पडते.

ती पाने सावकाश वाचायला हवीत. नवरा झिंगराजी दारूपायी गेला, तेव्हा डेबू लहान होता. सखुबाईंनी लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे, म्हणजे माहेर गाठले. परिटाच्या घरातली ही विधवा बाई. भावाच्या घरी राहायचे तर हात चालवावेच लागतात. मामाची गुरे राखत, नांगर धरत डेबूजी तिथेच शेतकरी झाले. पुढे मामाला सावकाराने फसवले. फेडीच्या पावत्या हातात नव्हत्या, जमीन गेली, पाठोपाठ घरातली कर्ती माणसेही गेली. सखुबाईंनी हे सगळे पाहिले. मुलाचे लग्न केले, नातवंडे मांडीवर घेतली. मग १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे तो एकुलता मुलगा घर सोडून निघून गेला. मागे राहिल्या सखुबाई, सून कुंताबाई आणि लहान मुले.

बाबांनी नदीवर घाट बांधले, पंढरपूर, नाशिक, मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या, गावोगाव झाडू मारला. त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे आणि राहील. पण चूल पेटती ठेवून त्या घराने या कामाची किंमत मोजली. अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचे नाव आहे, ते योग्यच आहे. सासू-सुनेच्या वर्षानुवर्षांच्या मजुरीची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नाही.

आजही वऱ्हाडातल्या हजारो घरांत असेच चालले आहे. आजी जाते. वर्तमानपत्रात फोटो येतो, ‘कष्टाळू, प्रेमळ, धार्मिक’ असे तीन शब्द येतात आणि खाली नातवंडांची यादी. तिने नेमके काय केले, हे मात्र कोणी लिहीत नाही. ते लिहिण्यासारखे असते. मृगाच्या पेरणीत सरत्यामागे चालणे, पावसाळाभर कमरेत वाकून निंदण, दिवाळीच्या आगेमागे सीतादहीची पूजा करून सुरू होणारी कापूसवेचणी, त्यानंतर तूर आणि ज्वारीची सोंगणी. अंजनगावच्या पानमळ्यांत वेल बांधायचे, पाने खुडायची, पानपिंपळी तोडून उन्हात वाळवायची. १९७२ च्या दुष्काळात याच बायका खडी फोडायला गेल्या. घरी येऊन पुन्हा भाकरी त्यांनीच थापल्या. ज्या बाईने पंधराव्या वर्षी विळा धरला आणि सत्तरीतही वेचणी सोडली नाही, तिचा शेतीचा अनुभव पंचावन्न वर्षांचा होतो. एवढा अनुभव असलेल्या पुरुषाला गाव जाणता शेतकरी म्हणते. तिला म्हणते, बुढी अजून वावरात जाते.

सातबारा उघडून पाहिला की हा अन्याय आकड्यांतच दिसतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिती खातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. निंदणीला आणि वेचणीला मात्र वावरात बायकाच दिसतात.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची विधवा आणि आई या दोघींनाही मुलांच्या बरोबरीने वारस धरले. लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा गावेच्या गावे बायकांच्या नावे जमीन करायला पुढे आली. त्यानंतर १९९२ मध्ये शासनाने निर्णय काढून नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नावही आले आहे.

अडते ते घरात. बाप वारला की तेरवी उरकते आणि हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. लेकी भावाशी वैर नको म्हणून सही करतात, आणि आई मुलाच्या शब्दाबाहेर कशी जाईल? मुलगा नीट वागवतो, मग नाव कशाला, असे विचारले जाते. त्याचे उत्तर सखुबाईंच्या माहेरच्या घरातच आहे: कागद हाती नसला की कसलेली जमीनही जाते. पुढे मुलाने कर्ज काढले किंवा सून-नातवात वाटण्या झाल्या, तर म्हातारीच्या हाती पुरावा म्हणून काहीच राहत नाही. शेतकरी म्हणून मिळणारी नुकसानभरपाई आणि अनुदानही ज्याच्या नावे खाते, त्याच्याच खात्यात जाते.

म्हणून ज्यांच्या घरात आज अशी माय किंवा आजी आहे, त्यांनी दोन कामे करावीत. एक, तिच्याजवळ बसून ती कुठल्या वावरात किती वर्षे राबली, कोणत्या साली काय पिकले आणि काय बुडाले, हे तिच्याच तोंडून ऐकून वहीत उतरवावे. दुसरे, वडील किंवा आजोबा हयात असतील तर त्यांनी स्वतः तलाठ्याकडे अर्ज देऊन तिचे नाव सातबाऱ्यावर चढवावे. ते गेले असतील, तर वारसनोंदीत तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवू नये. श्रद्धांजलीची जाहिरात नंतर देता येईल, हा अर्ज मात्र या आठवड्यातच द्या.