नाव घेऊन हाक मारू नका

‘सर, पेलेट सुटतच नाही,’ असे म्हणत मुलगा मागे वळतो आणि त्याच्याबरोबर पिस्तूलही वळते. नवशिक्यांचा वर्ग घेणाऱ्या कुणालाही हा क्षण नवा नाही. मुलाच्या मनात खोडी नसते, उलट अडचण आली की विचारायचे, हे आपलेच सांगणे तो पाळत असतो. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागून हात येतो. एअर पिस्तुलाची नळी आखूड असल्याने मनगट थोडे फिरले तरी तिचे तोंड शेजारच्या लेनवरून मागे बसलेल्या पालकांपर्यंत जाते. रायफल लांब आणि जड, नवशिक्याच्या हातात तर बहुधा टेकूवर असते. तिला वळवायला जरा तरी जोर लावावा लागतो. पिस्तुलाला तोही लागत नाही.

अशा वेळी आपल्या तोंडून पहिल्यांदा मुलाचे नाव निघते, तेही ओरडून. नेमके तेच निघता कामा नये. नाव ऐकले की माणूस हाकेच्या दिशेने वळतो. अर्धा वळलेला मुलगा आपल्या हाकेने पूर्ण वळतो. शिवाय दचकलेल्या माणसाची मूठ आवळली जाते. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाने किमान ५०० ग्रॅमचा भार हवा, म्हणजे अर्ध्या किलो साखरेच्या पुडीइतका. घाबरलेल्या बोटाला तो काहीच नाही.

त्यामुळे नाव नको, ‘अरे’ नको, ‘काय करतोस’ तर मुळीच नको. एकच शब्द हवा, ‘स्टॉप’, आणि तो एकट्या मुलाला न देता अख्ख्या फायरिंग लाइनला द्यायचा. आवाज खणखणीत, पण रोजच्याच पट्टीतला. हा शब्द ऐकला की बोट ट्रिगरबाहेर, नळी टार्गेटकडे आणि शस्त्र टेबलावर, ही सवय पहिल्या दिवसापासून लागलेली असेल तर चुकणारा मुलगाही इतरांबरोबर आपोआप ते करतो. आपल्यामुळे सगळे थांबले हे त्याला कळायचीही गरज नाही. मग शांतपणे त्याच्या ट्रिगरच्या हाताच्या बाजूने, किंचित मागून जायचे. तिथून मनगट धरता येते आणि आपण नळीसमोर येत नाही. प्रौढांच्या वर्गात याचा आणखी एक फायदा होतो. पीकसंरक्षणाचा परवाना असलेला, वडिलांच्या वयाचा शेतकरी किंवा एखादा निवृत्त अधिकारी शिकायला आला की त्याला टोकायला तरुण प्रशिक्षकाची जीभ रेटत नाही. ‘साहेब, जरा...’ म्हणेपर्यंत नळी फिरून गेलेली असते. ‘स्टॉप’मध्ये साहेब नाही आणि अरे-तुरेही नाही.

पिस्तूल अडले तर काय करायचे, हे पिस्तूल अडण्याआधी शिकवायचे असते. नळी टार्गेटकडे, मोकळा हात वर, तोंड बंद, प्रशिक्षक येईपर्यंत तसेच उभे राहायचे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे फार कंटाळवाणे वाटते. म्हणूनच ते रिकाम्या पिस्तुलावर, मुद्दाम ‘अडले’ असे समजून, पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते. स्टान्स, ग्रिप, श्वास यांवर आपण आठवडे घालवतो आणि अडलेल्या पिस्तुलाला दोन वाक्यांत उरकतो. मग मुलगा वळला की त्यालाच बेशिस्त म्हणतो. हा क्रम मला अन्यायाचा वाटतो.

विद्यार्थ्याच्या नावावर जमा होणाऱ्या पुष्कळ चुका प्रशिक्षकाने आधी घेतलेल्या निर्णयातून येतात. २५ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुट्टीवर आलेल्या कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती एका रेंजवर उझी सबमशीनगन देण्यात आली. तिने आधी एक गोळी झाडली. मग शस्त्र पूर्ण स्वयंचलित केले गेले. धक्क्याने नळी वर आणि डावीकडे उचलली गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यात गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. पालक व्हिडिओ घेत होते. त्या मुलीने कोणती सूचना मोडली होती? कोणतीही नाही. शस्त्र कोणते, ते कोणत्या हातांत, प्रशिक्षक कुठे उभा आणि एका गोळीनंतर लगेच पुढची पायरी का, हे चारही निर्णय मोठ्यांचे होते. आपल्याकडे मुलांच्या हाती उझी येत नाही हे खरे. पण पहिल्याच तासाला ‘दोन-चार शॉट मारू द्या, म्हणजे गोडी लागेल’ हा आग्रह आपल्या रेंजवरही ऐकू येतो.

आणि तो आता वाढला आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक आणले होते, त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याचा आनंद आपल्याइतका कुणाला असणार! पण त्या पदकाच्या मागोमाग तालुक्याच्या गावांतही दहा मीटरच्या रेंज निघत आहेत. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चार लेन टाकल्या आणि उन्हाळी वर्गाचा फलक लावला, की बॅच भरते. अशा जागी रायफल आणि पिस्तूल एकाच लाइनवर, प्रशिक्षक एकटा आणि मागे मोबाइल धरलेले पालक. त्यात ‘फक्त एअर गन तर आहे’ ही समजूत. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा पेलेट डोळा कायमचा घालवू शकतो. कागदी टार्गेटवर त्याने पाडलेले गोल, स्वच्छ भोक एकदा पालकांच्या हातात द्यावे, पुढचे भाषण वाचते.

सेफ्टी फ्लॅगच्या, म्हणजे नळीत घालून ठेवायच्या दोरीच्या, बाबतीत तर आपण फारच ढिले आहोत. एअर शस्त्रात ही दोरी नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार असावी, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. नळीत राहून गेलेला पेलेट बाहेरून दिसत नाही, दोरी अडली तरच कळतो. महागडी वस्तू नको, गवत कापायच्या यंत्राची भगवी नायलॉन दोरी तुकडे करून चालते. तरीही कित्येक बॅगांत ती तशीच गुंडाळलेली असते. लाइनच्या पुढे कुणी टार्गेट बदलायला गेले असताना मागे एखादा विद्यार्थी पिस्तूल हाताळत असेल, तर तिथे समजावणे नाही, सवलत नाही. स्पर्धेत अशा वागण्यावर थेट बाद होण्याची वेळ येऊ शकते. सरावात ते हसण्यावारी नेले तर मुलाला दोन वेगवेगळे खेळ शिकवल्यासारखे होते.

विद्यार्थ्याला लाइनवरून उठवायचे कधी, याचा निर्णय त्या क्षणी घ्यायचा नसतो, तो आधीच ठरलेला असावा. नळी माणसाकडे गेली, तर त्या दिवसाचे शस्त्र संपले. चुकून गेली की मुद्दाम, हे नंतर पाहायचे. ही अट सगळ्यांना सारखी, आणि कस इथेच लागतो. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धेला जाणारी मुलगी असेल तर आपले डोळे आपोआप दुसरीकडे वळतात. बाकीची मुले ते बरोबर टिपतात. उठवलेल्या मुलाला चारचौघांत बोल लावू नयेत. बाजूला नेऊन आधी त्यालाच विचारावे, ‘काय झालं रे?’ पुष्कळदा उत्तर साधे असते. इअर डिफेंडरमुळे कमांड ऐकू आली नाही, ग्रिप हाताला मोठी पडते, सकाळपासून पोटात काही नाही. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी ड्राय फायरिंगवर आणावे, मग एकेक पेलेट देत पुढे न्यावे. घटना रजिस्टरमध्ये लिहावी आणि घरी त्याच दिवशी, आपल्याच तोंडून सांगावी. मुलाने घरी सांगितलेली गोष्ट निराळी असते.

मुद्दाम करणाऱ्याचे प्रकरण वेगळे. मित्राच्या कपाळाला पिस्तूल लावून रील काढणारा सोळा वर्षांचा मुलगा ‘रिकामंच होतं की’ म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. त्याला रिकाम्या-भरलेल्याचा हिशेब समजावत बसू नये. रिकाम्याची खात्री हा त्याचा विषयच नाही. कायदाही या बाबतीत आता कडक आहे. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने किंवा आनंदाच्या भरात बंदूक झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही तरतूद परवान्याच्या शस्त्रांकडे वळणाऱ्या मोठ्या मुलांना तरी सांगायलाच हवी. आमचे मत असे, की माणसावर मुद्दाम शस्त्र रोखणाऱ्याचा प्रवेश पहिल्याच वेळी रद्द करावा, दुसरी संधी देऊ नये. प्रतिभा कितीही असो.

इथे अडते ते फीपाशी. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, जागेचे भाडे डोक्यावर असते, मुलाचे वडील गावातले वजनदार असतात. त्यामुळे उरलेल्या दिवसांची फी परत करण्याची अट प्रवेश अर्जातच घालून ठेवावी. पैसे परत करायची तयारी असली की निर्णय घेताना हात थरथरत नाही. त्या अटीखाली पालकांची सही घ्यावी आणि सही घेण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवावी, कारण अर्जावरचा बारीक टाइप कुणी वाचत नाही.